मुळांवरची कुळे

हरभऱ्याच्या बेवडावर घेतलेली ज्वारी चांगली साधते, तुरीचा पाला पडलेल्या रानात पुढच्या पिकाला जोर येतो आणि भुईमूग काढलेल्या जमिनीत गहू अंगाने भरतो, ही गोष्ट देशावरच्या कुणब्याला कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून फार पूर्वीपासून ठाऊक होती; आणि पिकांची फेरपालट करताना, ज्वारीत तुरीची पाटे धरताना किंवा उसाच्या आधी ताग गाडताना तो या अनुभवसिद्ध ज्ञानाला धरूनच वागत होता. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की हा कस झाड केवळ आपल्या बळावर आणीत नाही. त्याच्या मुळांवर गाठी करून राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हवेतला नत्र बांधून तो त्याला पुरवीत असतात. एक हेक्टर जमिनीवर जी हवा उभी असते तिच्यात सुमारे ७५,००० टन नत्र असतो, परंतु त्यातला एक कणही पिकाला स्वतः होऊन घेता येत नाही, कारण नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध सोडवण्यासाठी खताच्या कारखान्यात प्रचंड दाब व चारशे-पाचशे अंशांची उष्णता लागते. गाठीतला जिवाणू तेच काम नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या साह्याने जमिनीच्या साध्या उबेत करतो, आणि त्याकरिता लागणारी शक्ती झाडाने दिलेल्या शर्करेतून मिळवतो.

इतकी माहिती आता शालेय पुस्तकांतही असते. मात्र त्या पुस्तकांतून जी एक समजूत मनात ठसते, की ‘रायझोबियम’ नावाचा एक उपकारी जिवाणू आहे आणि तो कडधान्याच्या मुळांवर राहतो, ती समजूत अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारी आहे. आणि या प्रकरणाचा सारा खटाटोप ती दूर करण्यासाठी आहे.

पौष महिन्यात, हरभरा फुलावर असताना, एखाद्या रोपाभोवतीची माती खुरप्याने सैल करून ते मुळासकट अलगद उचलावे आणि मुळे पाण्यात हलकेच खळबळून घ्यावीत. भुईमुगाच्या किंवा सोयाबीनच्या मुळांवर दिसतात तशा गोल मण्यांसारख्या गाठी इथे दिसत नाहीत. हरभऱ्याची गाठ टोकाकडे वाढत जाते, तिला फाटे फुटतात आणि जुन्या गाठी पोवळ्यासारख्या बोटाबोटांच्या होतात. त्यातली एक नखाने चिरली तर आत मांसल गुलाबी, क्वचित लालभडक रंग दिसतो. हा रंग लेगहीमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्याच नात्यातील एका प्रथिनाचा. प्राणवायूचा स्पर्श नायट्रोजिनेजला सोसत नाही, म्हणून तो मोजूनमापून आत सोडण्याचे काम हे द्रव्य करते. आता त्याच सरीतले, दोन हातांवरचे दुसरे रोप उचलावे. पुष्कळदा असे आढळते, की पहिल्यावर थोड्या पण टपोऱ्या आणि आतून लाल गाठी होत्या, तर दुसऱ्यावर बारीक गाठींची दाटी आहे, पण चिरल्या तर त्या आतून पांढुरक्या किंवा हिरवट निघतात. बियाणे एका पिशवीतले, जमीन एक, पाऊस एक. असे असता ही तफावत कशाची? ती कधी रोपाच्या प्रकृतीची असते, कधी वयाची, परंतु बहुधा ती त्या दोन मुळांत शिरलेल्या जिवाणूंच्या कुळांची असते.

कुळांचा हा प्रश्न गाठींच्या शोधाबरोबरच जन्माला आला होता, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जर्मनीत बेर्नबुर्ग येथे हेलरीगेल आणि विलफार्ट हे दोघे वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवून पाहत होते. ओट हे तृणधान्य घातलेल्या नत्रखताच्या अगदी प्रमाणात वाढे, परंतु वाटाण्याचे रोप खत नसतानाही कधी उपाशी मरे तर कधी तरारून येई. १८८६ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञ-परिषदेत हेलरीगेलने या कोड्याचा उलगडा जाहीर केला: वाळू तापवून निर्जंतुक केली तर वाटाणाही ओटासारखाच वागतो, आणि तिच्यावर शेतातील मातीचे थोडे निथळपाणी ओतले की तो पुन्हा खतावाचून वाढू लागतो; म्हणजे जे काही घडते ते मातीतल्या सजीवांमुळे. हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु त्याच प्रयोगांत त्या दोघांनी आणखी एक गोष्ट नोंदली होती, की ज्या मातीचे पाणी वाटाण्याला लागू पडे ते ल्युपिन या दुसऱ्या द्विदल पिकाला लागू पडत नसे. त्याला ल्युपिन जिथे पिकतो त्या रेताड जमिनीचेच पाणी लागे. माझ्या मते या शोधातील अधिक खोल वाक्य हे दुसरे होते, कारण सगळ्या मातींत एकच जिवाणू नसतो ही कबुली त्यात पहिल्याच दिवशी दिली गेली होती.

१८८८ साली डेल्फ्टच्या बायेरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला आणि पुढच्या वर्षी फ्रांकने त्याला रायझोबियम हे नाव दिले. मग कोणत्या पिकाच्या गाठीतला जिवाणू दुसऱ्या कोणत्या पिकावर गाठी आणतो हे ताडून पाहून पिकांचे गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटामागे जिवाणूची एक जाती, अशी मांडणी झाली. फ्रेड, बाल्डविन आणि मॅककॉय यांच्या १९३२ सालच्या ग्रंथाने या मांडणीला जवळजवळ कायद्याचे रूप दिले. वाटाणा-मसूर यांचा एक गट, लसूणघासाचा एक, घेवड्याचा एक, सोयाबीनचा एक. आणि जी पिके कोणत्याच चौकटीत नीट बसेनात ती सारी चवळीच्या नावाने केलेल्या एका मोठ्या सरमिसळ गटात लोटून दिली. आपल्या दृष्टीने गंभीर गोष्ट ही, की आपली खरिपाची बहुतेक सारी दौलत, म्हणजे चवळी, मूग, उडीद, मटकी, तूर, कुळीथ, भुईमूग आणि ताग, याच सरमिसळीत गेली, आणि विषुववृत्ताजवळच्या मुलखांतील जिवाणूंचा अभ्यास पुढे कित्येक वर्षे मागे पडला. गटांच्या हद्दी तरी पक्क्या होत्या काय? त्याही नव्हत्या. १९४४ साली कॉर्नेलच्या विल्सनने आपल्या निबंधाच्या मथळ्यातच हे गट सोडून देण्याची पाचशेंहून अधिक कारणे आहेत असे जाहीर केले, आणि प्रत्येक कारण म्हणजे हद्द ओलांडून दुसऱ्याच गटातील झाडावर गाठ आणणाऱ्या जिवाणूचे एकेक उदाहरण होते.

ही गुंतागुंत कशी उकलली ते समजण्यासाठी प्रयोगशाळेतील कामाची पद्धत थोडी जवळून पाहिली पाहिजे. गाठ धुऊन क्षणभर अल्कोहोलात आणि नंतर काही मिनिटे निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात बुडवतात, म्हणजे वरचे उपरे जंतू मरतात आणि आतले राहतात. मग ती निर्जंतुक पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन, चिरडून, तो दुधाळ रस यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल घातलेल्या अगरच्या तबकडीवर तारेने रेघारेघांनी पसरतात. काही जिवाणूंच्या पांढुरक्या, चकचकीत, बोटाला तार धरणाऱ्या वसाहती दोन-चार दिवसांत वर येतात. काहींना आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि त्या टाचणीच्या माथ्याएवढ्याच राहतात. यातली एकेक वसाहत निवडून पुन्हा निर्जंतुक वाळूत वाढवलेल्या त्याच पिकाच्या कोवळ्या रोपाला दिली आणि त्यावर गाठ आली, तरच तो जिवाणू गाठीचा खरा धनी, एरवी नाही. या रुजवातीशिवाय केलेल्या संशोधनावर मी तरी विसंबणार नाही, कारण गाठीत इतरही अनेक जिवाणू पाहुण्यासारखे येऊन राहतात.

वाढीच्या वेगातला हा फरक वरवरचा नव्हता. १९८२ साली जॉर्डनने सावकाश वाढणाऱ्यांना ब्रॅडीरायझोबियम या स्वतंत्र प्रजातीत हलवले, आणि त्या एका निर्णयाने सोयाबीन आणि बरीचशी चवळी-मंडळी वाटाण्याच्या जिवाणूपासून दूर झाली. पुढे जनुकांची अक्षरे वाचण्याचे तंत्र हाती आल्यावर दप्तर झपाट्याने वाढले. हरभऱ्याचे जिवाणू मेसोरायझोबियम ठरले; त्यांची एक जाती १९९४ साली आणि दुसरी १९९५ साली वर्णिली गेली. लाजाळूच्या गाठींत तर ज्यांचे रायझोबियमशी जवळचे नाते नाही असे बर्कहोल्डेरियाच्या आणि कुप्रिअव्हिडसच्या घराण्यातील जिवाणू सापडले. एकेका नावाची कहाणी इथे सांगत बसण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक जाती आणि डझनाहून अधिक प्रजाती आज नोंदलेल्या आहेत, आणि यादी अजून बंद झालेली नाही.

खरी नवलाची गोष्ट यादीच्या लांबीत नाही. इतक्या परस्परभिन्न घराण्यांतील जिवाणूंना एकच विद्या कशी अवगत झाली, या प्रश्नात ती आहे. १९७८ साली नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेतील संशोधकांनी वाटाण्यावर गाठी आणणाऱ्या जिवाणूतील प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे एक कडे, घेवड्याच्या जिवाणूत जाऊ दिले, आणि तो घेवड्याचा जिवाणू वाटाण्यावर गाठी आणू लागला. गाठ आणण्याची व नत्र बांधण्याची जनुके ही त्या जिवाणूच्या घरची अढळ मालमत्ता नव्हती. एखादी सनद जशी एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जावी आणि तिच्याबरोबर गावचा हक्कही जावा, तशी ती हस्तांतरित होणारी होती. वाटाणा, बरसीम आणि घेवडा यांच्या जिवाणूंना ज्या तीन जाती मानत होते त्या मग एकाच जातीत विलीन झाल्या, कारण त्यांच्यातील भेद मुख्यतः त्या कड्यापुरताच होता. लसूणघासाच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच २००१ साली वाचला गेला तेव्हा त्याच्या सुमारे ६७ लाख आधारक-जोड्यांपैकी ३० लाख दोन अजस्र प्लाझ्मिडांवर आढळल्या. आणि सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमचा संच तर ९१ लाखांचा, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई-कोलायच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मातीत उपाशी राहणे, मुळाशी बोलणे आणि गाठीत नांदणे, अशा तीन परस्परविरुद्ध अवस्थांतून ज्याला जावे लागते त्याचे भांडार एवढे मोठे असणे स्वाभाविकच आहे.

प्रयोगशाळेत घडते ते शेतातही घडते काय, या शंकेचे उत्तर न्यूझीलंडच्या ओटॅगो प्रांतातील एका माळावरून आले, आणि ही हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. तिथे लोटस नावाचे चाऱ्याचे द्विदल पीक पेरले गेले होते. त्या मातीत लोटसवर गाठी आणणारा जिवाणू मुळीच नव्हता, म्हणून बियाण्याला एकाच कुळाचा मेसोरायझोबियम चोळला होता. सात वर्षांनी सुलिव्हन, रॉनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गाठी चिरून जिवाणू काढले, तेव्हा पेरलेल्या कुळाचीच प्रजा सापडेल ही अपेक्षा सपशेल चुकली. गाठींत नाना कुळे होती, त्यांची गुणसूत्रे परस्परांपासून आणि मूळ पेरलेल्या कुळापासून स्पष्ट भिन्न होती, परंतु सहजीवनाची जनुके मात्र सर्वांची हुबेहूब त्या पेरलेल्या कुळाची होती. सुमारे पाच लाख आधारक-जोड्यांचा एक अखंड तुकडा पेरलेल्या जिवाणूतून सुटून, मातीत आधीपासून नांदणाऱ्या पण गाठ कशी आणावी हे ठाऊक नसलेल्या मेसोरायझोबियमच्या गुणसूत्रात एका ठरावीक जागी जाऊन बसला होता. त्या तुकड्याला सहजीवन-बेट असे नाव पुढे पडले. बाहेरून आणलेला पाहुणा ज्याने थंडी, आम्लता आणि उपासमार पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे त्या स्थानिकाला आपली विद्या देऊन बसला, आणि गाठींत बसण्याचा मान स्थानिकाने घेतला.

ही किल्ली हाती आली म्हणजे आपल्या हरभऱ्याचे कोडेही सुटू लागते. हरभरा हा गाठीच्या बाबतीत फार चोखंदळ. मेसोरायझोबियमवाचून तो सहसा कोणाला दाद देत नाही. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, तो माणसाच्या हाताखाली आला आणि तिथून भूमध्य समुद्राच्या काठाने, इथिओपियाकडे व हिंदुस्थानाकडे पसरला. या निरनिराळ्या मुलखांतील गाठींतले जिवाणू आज पाहिले तर त्यांची गुणसूत्रे निरनिराळ्या जातींची आहेत, पण सहजीवनाची जनुके एकमेकांशी विलक्षण जुळतात. याचा सरळ अर्थ, बियाण्याच्या अंगाला लागलेल्या धुळीतून किंवा अन्य मार्गाने थोडे जिवाणू आले असतील, परंतु टिकून विस्तारली ती विद्या, आणि ती विस्तारली स्थानिक मातीतील घराण्यांच्या आधाराने. दख्खनच्या काळ्या, अल्कधर्मी, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत जो जिवाणू वैशाख काढतो त्याचे अंग तिथलेच असले पाहिजे.

सोयाबीनची कथा आपल्याला याहूनही जवळची आहे, कारण विदर्भ-मराठवाड्याचा खरीप गेल्या काही दशकांत मुख्यतः त्याने व्यापला आहे. हिमालयाच्या उतारावर काळे सोयाबीन फार जुने. परंतु मैदानी मुलखात पिवळ्या वाणांची लागवड १९६० नंतर, अमेरिकेहून आलेल्या बियाण्याने, वाढली. तेव्हा आपल्या सोयाबीनच्या गाठींत अमेरिकेतील ओळखीचे जिवाणू असतील असे वाटणे साहजिक होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिंदुस्थानच्या पाच कृषि-हवामान विभागांतून ५० जिवाणू काढून त्यांची अनेक जनुके तपासली गेली, आणि त्यांचे तीन गट पडले. २६ टक्के ब्रॅडीरायझोबियम लिआओनिंगेन्स या चीनमधून वर्णिलेल्या जातीचे. ३६ टक्के ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्सचे, जी जाती मुळात सोयाबीनवर गाठी आणण्याबद्दल प्रसिद्धच नव्हती. आणि उरलेले ३८ टक्के तोवर वर्णिलेल्या कोणत्याही जातीत न बसणारे. तिन्ही गटांची सहजीवनाची जनुके मात्र एकाच घडणीची. विभाग बदलला तरी या कुळांचे स्वरूप फारसे बदलत नव्हते, हीही एक लक्षणीय गोष्ट त्यात नोंदली आहे. पीक परदेशी, पण त्याच्या मुळांवर बसलेली घराणी आशियातली, आणि त्यांतले एक मोठे घराणे शास्त्राच्या दप्तरी तोवर अनोळखी: आपल्या पायाखालच्या मातीविषयी आपण किती कमी विचारपूस केली आहे, हे या आकड्यांवरून मनाला लागते.

वैविध्य पाहायला इतके दूर फिरण्याचीही गरज नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे एका चौरस मीटर गवताळ जागेतील पांढरा क्लोव्हर आणि वाटाण्याच्या कुळातील एक रानवेल यांच्या गाठींतून ७२ जिवाणू घेऊन त्यांचे जनुकसंच वाचले गेले, आणि २०१५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की नावाने एकच जाती असलेले हे जिवाणू जनुकदृष्ट्या पाच स्वतंत्र जातींइतके वेगळे होते. एका घोंगडीखाली झाकेल एवढ्या जमिनीत पाच जाती! आणि त्या पाचांतही यजमान झाड कोणते हे गुणसूत्रावरून ठरत नव्हते. ते पुन्हा त्या फिरत्या जनुकांवरूनच ठरत होते.

यजमान झाडही या व्यवहारात मूक नसते. मुळातून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये पाझरतात, ती ओळखून जिवाणूची नॉड जनुके जागी होतात आणि साखरेच्या चार-पाच कड्यांना एक स्निग्धाम्ल जोडलेला रेणू तो बाहेर सोडतो. या नॉड घटकाची रचना १९९० साली फ्रान्समध्ये उलगडली. त्या रेणूला कुठे गंधकाचा गट लटकतो, कुठे ॲसिटिल गट, आणि एवढ्याशा फरकावर मुळाचा दरवाजा उघडतो किंवा बंद राहतो. अफगाणिस्तानातील वाटाण्याचा एक जुना वाण युरोपच्या मातीत पेरला तर त्यावर गाठी येत नाहीत. परंतु तुर्कस्तानच्या मातीतून काढलेल्या एका कुळाने त्यावर गाठी आणल्या, आणि शोध घेता त्या कुळात नॉड-एक्स नावाचे एकच अधिक जनुक आढळले, जे नॉड घटकाच्या टोकाला एक ॲसिटिल गट चिकटवते. जिथे वाटाण्याचे प्राचीन वाण टिकले तिथेच त्यांच्या जोडीचे जिवाणूही टिकले. जुने वाण जपण्याची चळवळ आपल्याकडे चालते तेव्हा बियाण्याचे डबे भरले जातात. त्या वाणांच्या मुळांवरची कुळे मात्र कोणी जपून ठेवीत नाही, आणि ही उणीव मला अतिशय खटकते.

परंतु वैविध्य म्हणजे सारे शुभच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९४ च्या सुमारास बायसेरुला हे भूमध्य प्रदेशातील चाऱ्याचे पीक, सार्डिनियातून आणलेल्या उत्तम जिवाणूसह, लागवडीखाली आले. सहा वर्षांत तिथल्या स्थानिक मेसोरायझोबियमनी त्या जिवाणूचे सहजीवन-बेट उचलले, आणि त्यांतील काही गाठी तर आणू लागले पण नत्र जवळजवळ बांधीनात. जनुके आली, पण त्या घराण्याच्या अंगी ती नीट रुजली नाहीत. झाडाच्या दृष्टीने हे भाडेकरू जागा अडवून बसले. असे कुचकामी जिवाणू सर्वत्र का माजत नाहीत, याचे एक उत्तर २००३ साली कीअर्स व तिच्या सहकाऱ्यांनी दिले. सोयाबीनच्या काही गाठींना त्यांनी नत्राऐवजी आर्गॉन असलेली हवा दिली, म्हणजे आतला जिवाणू इच्छा असूनही नत्र बांधू शकेना. आणि झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला, तिथल्या जिवाणूंची प्रजा घटली. झाड हिशेब ठेवते. तरीही हा हिशेब गाठ झाल्यानंतरचा असतो. दारातून आत घेताना झाडाला पाहुण्याची कुवत कळत नाही.

जिवाणू संवर्धकाच्या पाकिटाचे यशापयश नेमके याच ठिकाणी ठरते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, बियाण्याची साल न सोलवटता हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे, ही पद्धत आपल्याकडच्या शेतकऱ्याला परिचित आहे. तिचा अनुभव मात्र गावागावाला वेगळा येतो. कोणी सांगतो पीक हिरवेगार झाले, कोणी सांगतो पैसे मातीत गेले. आणि दोघेही खरे बोलत असतात. ज्या रानात ते पीक कधीच घेतले नाही तिथे पाकिटातल्या जिवाणूला मैदान मोकळे मिळते. परंतु जिथे ग्रॅमभर मातीत पाच-पन्नास स्थानिक जिवाणूही टिकून आहेत तिथे लाभ झपाट्याने कमी होतो, कारण स्थानिक जिवाणू मातीत सर्वत्र पसरलेला असतो आणि मूळ वाढत जाईल तिथे आधी तो हजर असतो, तर पाकिटातला बियाण्याच्या टरफलाजवळच अडकून राहतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील सोयाबीनच्या मुलखात रक्तद्रव-चाचणीने ओळखल्या जाणाऱ्या, १२३ या क्रमांकाच्या जिवाणू-गटाचा अंमल इतका पक्का बसला आहे, की बाहेरून लावलेल्या कुळांना पुष्कळदा शंभरातल्या पाच-दहा गाठीही मिळत नाहीत. आफ्रिकेत नायजेरियातील एका आंतरराष्ट्रीय कृषी-संस्थेने याच्या उलट वाट धरली: जिवाणू बदलण्याऐवजी तिथल्या चवळीच्या स्थानिक जिवाणूंशी जुळते घेणारे सोयाबीनचे वाण त्यांनी निपजवले, आणि तो मार्ग मला विशेष समंजस वाटतो.

आपल्याकडे करण्याजोगे काम याच दोहोंच्या मधले आहे. लाख-हरभऱ्याच्या धानपट्ट्यात, जिथे चार महिने पाणी साचून जिवाणूंची संख्या रोडावते, तिथे पाकिटाची गरज खरी आहे. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत, वाल-कुळथाच्या रानात, ती निराळ्या कुळाची आहे. आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत आधी काय नांदते आहे ते पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. त्यासाठी त्या-त्या तालुक्यातील उन्हा-पावसाला टिकलेल्या, आतून लाल गाठी असलेल्या झाडांपासून सुरुवात केली पाहिजे: गाठीतला जिवाणू काढून आधी कुंडीत त्याच पिकावर त्याची रुजवात घ्यायची, त्याच्या जनुकांचे ठसे नोंदवून ठेवायचे, मग तो बियाण्याला लावून त्याच शेतात पेरायचा, आणि फुलोऱ्यावर पन्नास-शंभर गाठी चिरून त्यांतल्या किती त्या ठशाच्या निघतात हे मोजायचे, आणि पुढच्या हंगामात, काहीही न लावता तेच पीक पेरून, ती मोजणी पुन्हा एकदा करायची.